देवपुजारीने डिश का बसवली

मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळींत कुणालाही विचारा, शशिकांत देवपुजारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, असंच सांगतील. सांगू देत. मोटारींच्या सीट डिझाइन करणारा नागपूरचा इंजिनिअर. गणपतीत खुर्च्या लावायला सगळ्यांत आधी हजर, पॉटलकला स्वतः जेवायच्या आधी दुसऱ्यांच्या पोरांना वाढणारा, कुणी टपली मारली तरी हसणारा. पण हसणाऱ्या माणसाच्या पोटात काय शिजतंय हे बघायला कोण जातं? शशिकांतच्या पोटात चार वर्षं एकच गोष्ट शिजत होती. शैलेंद्र कारखानीसला एक दिवस, मॅच ऐन रंगात असताना, सगळ्यांच्या देखत खोलीबाहेर बसवायचं आणि वरून दार लावून घ्यायचं. बस. याहून मोठं काही त्याला नको होतं.

हा शैलेंद्र ॲन आर्बरहून, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीतून एमएस झालेला. त्यामुळे तिथली कॉलेजची अमेरिकन फुटबॉल टीम म्हणजे त्याची वडिलोपार्जित जहागीर. दर शनिवारी त्याच्या बेसमेंटमध्ये भला मोठा टीव्ही लागायचा आणि दहा-बारा मराठी घरं तिथे जमायची. शशिकांत २००१ मध्ये व्हिसावर आला तेव्हा त्याला एअरपोर्टवर घ्यायला शैलेंद्रच गेला होता. पहिली गादी त्याची, ड्रायव्हिंग टेस्टला गाडी त्याची. उपकार खरेच होते, आणि तीच तर पंचाईत होती. ज्याने आपल्यावर उपकार केले त्याने अपमान केला तर उलटून बोलता येत नाही. तो आत साठत जातो आणि लोणच्यासारखा मुरतो.

सुरुवात झाली त्याच वर्षीच्या, कट्टर वैरी ओहायोबरोबरच्या मॅचला. लहानपणी वडिलांबरोबर नागपूरच्या मैदानावर क्रिकेट बघितलेला हा माणूस. समोरच्याने सुंदर फटका मारला तरी टाळी वाजवायची, हे वडिलांनी शिकवलेलं. ओहायोच्या एका खेळाडूने तिघांना चकवून बॉल पार नेला, आणि शशिकांतने मनापासून टाळ्या वाजवल्या. बेसमेंटमधली सगळी डोकी त्याच्याकडे वळली. आपली टीम त्या दिवशी हरली आणि खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं हे सांगायला नको. "पनवती आहे यार हा!" शैलेंद्र म्हणाला, आणि ते नाव चिकटलं.

आपल्या लोकांना फुटबॉल अमेरिकेने दिला, पण तो बघायची रीत आपण घरूनच आणली. आपल्याकडे क्रिकेट बघताना सचिन खेळत असला की कुणी जागचं हलायचं नाही. कुणी पाणी प्यायला गेला आणि चौकार बसला, तर त्याने डाव संपेपर्यंत स्वयंपाकघरातच उभं राहायचं. हाच कायदा शैलेंद्रने बेसमेंटमध्ये लागू केला होता, आणि न्यायाधीशही तोच. २००३ च्या ओहायोच्या मॅचला शशिकांत बाथरूमला गेला आणि नेमका तेव्हा आपला टचडाउन झाला, म्हणजे बॉल पार गेला. परत आला तर शैलेंद्र दारात हात आडवा घालून उभा. "आता तू आत यायचं नाहीस." आधी सगळे हसले. मग कुणीतरी घडीची खुर्ची आणली, लाँड्री रूममध्ये ड्रायरच्या शेजारी ठेवली, आणि शशिकांत खरोखर तिथे जाऊन बसला. दार लावलं गेलं. पलीकडे आरडाओरडा चालला होता, अलीकडे कुणाचे तरी मोजे गरगर फिरत होते. नेत्रा, त्याची बायको, त्याला चहा द्यायला आली तेव्हा इतरांची पोरं तिच्या मागून डोकावून हसली.

आणि आपण जिंकलो. जिंकलो हेच वाईट झालं. शैलेंद्रने दार उघडून, "ये बाहेर पनवती, तुझी ड्यूटी संपली!" म्हणून त्याची पाठ थोपटली. शशिकांत हसला. घरी गराजमध्ये गाडी लावल्यावर नेत्रा म्हणाली, "तू बसलास कसा पण?"

"गंमत चालली होती गं."

"मला नाही वाटली."

पुढे दर वर्षी ओहायोच्या मॅचला खुर्ची ठरलेली. २००४ ला हरले, तर म्हणे दार किलकिलं राहिलं होतं. २००५ ला हरले, तर म्हणे तो भिंतीपलीकडून विचार करत होता. २००६ लाही हरले. हरलं तर दोष शशिकांतचा आणि जिंकलं तर श्रेय खुर्चीचं. घरी आल्यावर तो तासभर ड्राइव्हवेवर बर्फ काढत राहायचा. पडला नसला तर पानं गोळा करायचा. दाताखाली शैलेंद्र असायचा.

मग २००७ उजाडलं आणि टीव्हीवाल्यांच्या भांडणातून त्याला त्याची संधी मिळाली. त्या काळात या कॉलेज टीमच्या संघटनांना, म्हणजे कॉन्फरन्सेसना, टीव्हीच्या पैशाची चटक लागली होती. दक्षिणेकडच्या एका कॉन्फरन्सने शेजारच्या कॉन्फरन्सच्या तीन टीम पळवल्या, शेजाऱ्याने भोक बुजवायला तिसऱ्याच्या घरात हात घातला. आपल्या कॉन्फरन्सच्या नावात दहा आणि टीम अकरा, तिने तर स्वतःचा चॅनेलच काढला. सीझनची पहिली मॅच त्याच चॅनेलवर. पण इथल्या केबल कंपनीचं आणि त्या चॅनेलचं उन्हाळाभर जुळेना. ज्यांच्या छपरावर सॅटेलाइटची डिश त्यांना मॅच दिसणार, केबलवाल्यांना नाही.

शैलेंद्रकडे केबल होती. शैलेंद्रला वाटत होतं, ऐन वेळी तह होईल. "अरे, मिशिगनमध्ये मिशिगनची मॅच न दाखवून कुठे जातील ते? रिलॅक्स."

शशिकांत रिलॅक्स नव्हता. रोज सकाळी देवासमोर उदबत्ती लावताना तो मनात म्हणायचा, बाप्पा, या दोघांचं भांडण मिटू देऊ नकोस. ऑगस्टमध्ये त्याने गुपचूप डिश बसवून घेतली. बसवायला आलेल्या माणसाने शेजारच्या मेपलची एक फांदी आड येते म्हणून सांगितलं, तर हा स्वतः शिडीवर चढून ती कापून आला. ज्याला क्वार्टरबॅक कोण हे धड माहीत नाही, त्याने फुटबॉलसाठी दोन वर्षांचा करार केलेला बघून नेत्रा चक्रावली.

"तुला एवढी आवड कधीपासून लागली?"

"लागून राहिली हळूहळू."

मॅचच्या दोन दिवस आधी सगळ्यांना कळलं की तह काही होत नाही. बेसमेंटचा दरबार बरखास्त! मग शशिकांतने नम्र मेल पाठवला: शनिवारी सगळ्यांनी आमच्याकडे यावं, डिश आहे. शैलेंद्रचा फोन आला. "छुपा रुस्तम निघालास यार!" शशिकांत म्हणाला, "ये ना, तुझ्याशिवाय कशी मॅच?" आयुष्यात त्याने सगळ्यांत मनापासून उच्चारलेलं हे वाक्य होतं.

एक सप्टेंबर, दुपारी बारा. फॅमिली रूम भरून गेली. शैलेंद्र, त्याची बायको सुनेत्रा, टीमचा जुना भक्त चारुदत्त, नुकताच आलेला सिद्धेश. समोरची टीम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातली, खालच्या श्रेणीतली. शैलेंद्रने सोफ्याचा मधला कोपरा धरला आणि सिद्धेशला सांगितलं, "धिस इज अ वॉर्मअप. जेवायच्या आधी संपेल." आणि त्या डोंगरातल्या पोरांनी आपल्याला झोडायला सुरुवात केली. हाफटाइमला आपण अकरा पॉइंटनी मागे. शैलेंद्र टीव्हीशी भांडायला लागला. नेत्राने केलेल्या साबुदाणावड्यांना कुणी हात लावेना.

शशिकांतचं मॅचकडे लक्षच नव्हतं. तो शैलेंद्रकडे बघत होता. हा कधी उठतो? तीन तास झाले, उठेना. चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये अखेर त्याचा फोन वाजला आणि बोलायला तो बाहेर डेकवर गेला. त्याच क्षणी आपल्या एका खेळाडूने बॉल घेतला आणि अर्ध्याहून अधिक मैदान पळून टचडाउन केला. घर दणाणलं. आपण एका पॉइंटने पुढे! शैलेंद्र धावत आत आला, "काय झालं? काय झालं?"

शशिकांत उठला. आवाज अगदी साधा ठेवून तो म्हणाला, "हा नव्हता तेव्हा झालं."

बस, एवढंच. चारुदत्तच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो बघण्यासारखा होता. "अरे हो! शैलेंद्र, तू आत येऊ नको!" सिद्धेश ओरडला, "दादा प्लीज, बाहेरच थांबा!" शैलेंद्र हसला. मग कुणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने बायकोकडे पाहिलं, तर सुनेत्रा स्क्रीनवरून नजर न काढता हातानेच जा जा करत होती. त्याचाच कायदा, त्यानेच शिकवलेली माणसं.

शशिकांतने स्वतः घडीची खुर्ची आणली. फॅमिली रूमला लागून त्याची लाँड्री रूम होती, तिथून पुढे गराज. ड्रायरच्या शेजारी खुर्ची मांडली, हातात वड्यांची प्लेट दिली. "बस. कळवतो मी." आणि दार लावलं. नीट लावलं, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत. परत सोफ्यापर्यंत येताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटावी. पण लाज वाटली नाही. शैलेंद्र आत आहे, ऐकतोय, त्याला काही दिसत नाही, या विचाराने त्याच्या तोंडाला चव आली.

मध्येच आपली एक किक समोरच्यांनी अडवली. सिद्धेश चुळबुळला. "दादांना बोलावू या का?"

"कायदा मधेच बदलतो का?" शशिकांत म्हणाला.

मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात डोंगरातल्या पोरांनी किक मारून दोन पॉइंटची आघाडी घेतली. चारुदत्तने डोकं धरलं. त्यावर आपल्या पोरांनी एक लांबलचक पास झेलला, सहा सेकंद उरले, आणि शेवटची किक. ही गेली की जिंकलो. सगळे उभे. बॉल उडाला आणि कुणाच्या तरी हातावर आपटून खाली पडला. संपलं. एवढा मोठा धक्का या खेळात क्वचितच कुणी पाहिला असेल, असं टीव्हीवाला किंचाळून सांगत होता. सुनेत्रा गालिच्यावर बसली. चारुदत्त रडत होता.

शशिकांत मात्र लाँड्रीच्या दाराकडे निघाला होता. वाक्य तयार होतं. चार वर्षं घासून पुसून ठेवलेलं. 'ये बाहेर शैलेंद्र, हरलो. तुला बसवूनसुद्धा काही उपयोग झाला नाही.' हे ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं. त्यासाठी डिश, त्यासाठी करार, त्यासाठी मेपलची फांदी.

त्याने दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती. ड्रायरवर प्लेट, वडे तसेच. गराजचं मोठं शटर वर गेलेलं आणि बाहेर लख्ख ऊन. नेत्रा मशीनमधले टॉवेल काढत होती.

"हा कुठाय?"

"गेले."

"कधी?"

"तू दार लावून वळलास तेव्हाच. मी गराजमधून थंड सोडा आणत होते तर शैलेंद्रभाऊजी समोरून आले. मी म्हटलं, भाऊजी, थांबा, मॅच संपत आलीय. तर म्हणाले, वहिनी, सुनेत्राला चारुदत्त सोडेल घरी." नेत्राने टॉवेल झटकला. "रागावलेसुद्धा नव्हते. हसत म्हणाले, बसणारे बसतात, मला नाही जमत."

बसणारे बसतात. ज्या शिक्षेवर शशिकांतने चार हिवाळे काढले, ती त्या माणसाने हातात घेऊन बघितलीसुद्धा नव्हती. टीममध्ये जीव अडकलेला तो माणूस, आपण एका पॉइंटने पुढे असताना, शेवटची चार मिनिटं सोडून चालता झाला होता. तयार वाक्य जिभेवर तसंच राहिलं, आणि ते ऐकवायला आता समोर कुणी नव्हतं.

"आपल्याकडे गराज आहे म्हणून," तो म्हणाला. आवाज चढला. "त्याच्या बेसमेंटमधल्या लाँड्रीला दुसरं दार नाही, माहितीये ना तुला? मी जाणार कुठून होतो?"

नेत्राने टॉवेलची घडी घातली, दुसरा घेतला. त्याच्याकडे न बघता, अगदी मऊ आवाजात ती म्हणाली, "जिना होता ना रे. सगळ्यांच्या समोरून होता, पण होता."