परीक्षेला न बसणारा वर्ग

मास्तर आणि त्यांचा मेहुणा पहिल्यांदा भांडले तेव्हा मास्तरीणबाई पडद्याआड चहा गाळत होत्या. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. एकीकडे नवरा, दुसरीकडे सख्खा मोठा भाऊ. बाहेर जाऊन बोलावं तरी पंचाईत, गप्प बसावं तरी पंचाईत. त्यांनी तोच चहा पुन्हा गाळला.

भांडण पोरांवरून होतं. मास्तर गावच्या छोट्या कॉलेजात वेल्डिंग शिकवायचे. मेहुण्याची बॉयलर आणि पाइप दुरुस्तीची शेड मागच्याच गल्लीत. पोरांचा हात जरा बसला रे बसला, की मेहुणा त्यांना कामावर उचलून न्यायचा. परीक्षा राहिली बाजूला.

"भावोजी, पोरं शिकवता कशाला? कामाला लागावीत म्हणूनच ना? मग लागली की कुरकुर कसली?"

"अहो मेहुणे, कच्चं मडकं भट्टीतून ओढून नेता, आणि गळायला लागलं की मलाच विचारायला येता."

पुढे त्या भांडणाची धार गेली, नुसती सवय उरली. मेहुण्याचं पाहून डेअरीवाले शिकले, बसडेपोवाले शिकले, खाटांचा कारखानाही शिकला. गावातलं कुठलंही फाटक घ्या, जिना घ्या, पाण्याची टाकी घ्या, सांधा मास्तरांनी शिकवलेल्या पोराचाच निघायचा. कॉलेजच्या निकालात मात्र दरवर्षी भोपळा.

मास्तरांचा जीव त्या राहिलेल्या शिक्षणात अडकलेला असायचा. रोज संध्याकाळी पिशवीत छोटी हातोडी टाकून निघायचे. जिथे पोरं कामाला असतील तिथे जाऊन वेल्डिंगनंतर सांध्यावर धरलेली काळी खपली ठोकून काढायची, सांधा नीट बघायचा, राहिलेला धडा तिथेच उभ्याउभ्या द्यायचा. फुकट, आणि बोलणी वर. मास्तरीणबाई करवादायच्या. कॉलेज सुटलं तरी यांची शाळा काही सुटत नाही, आणि ज्याच्यासाठी पोरं घडवायची तो माझा भाऊ यांना साधं बस म्हणत नाही, असं भांड्यांना ऐकवायच्या.

मग वरून निरोप आला. या वर्षीही कोणी परीक्षेला बसलं नाही तर वर्ग बंद. शिकवून उपयोग काय, एकही पास होत नाही, असं साहेबांचं म्हणणं. मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला. अख्खं गाव कामाला लावलं आणि म्हणे उपयोग काय.

त्या स्वतः उठून भावाकडे गेल्या. "दादा, एक दिवस. परीक्षेपुरती पोरं सोड. माहेराकडे दुसरं काही मागितलं नाही मी." दादानं तोंड भरून कबूल केलं. बाकीच्यांनाही मीच सांगतो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून वर्गाच्या दारात उभे. यंत्रं पुसलेली, लोखंडाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या, परीक्षक खुर्चीत बसलेले. पोरांचा पत्ता नाही. पहाटेच डेअरीतला वाफेचा पाइप फुटला होता आणि मेहुण्यानं झाडून सगळी पोरं तिकडे पळवली होती. मास्तरांनी परीक्षकांना परोपरीनं विनवलं, तिथे चला, पोरांचं काम डोळ्यांनी बघा. परीक्षक माणूस भला, पण वर्गाबाहेर परीक्षा घेता येत नाही म्हणाले.

दुपारी मास्तरीणबाईंनी त्यांना चहा पाठवला. दूध त्याच डेअरीचं. पोरांनी पाइप जोडला नसता तर ते नासूनच गेलं असतं. परीक्षक चहा फक्कड झालाय म्हणाले, आणि शून्य लिहून गेले.

वर्ग बंद झाला. शेवटच्या दिवशी मास्तर किल्ली देऊन घरी आले, तर मेहुणा दारात मान खाली घालून उभा. चुकलं म्हणाला. आणि त्याच दमात विचारलं, की आता नवी पोरं आणायची कुठून? बाहेरून आणलेला कारागीर इथे टिकत नाही, आणि इथल्याला कोणी शिकवायचं?

आता मात्र मास्तरीणबाई पडद्याआड राहिल्या नाहीत. "हे तुला आज सुचतंय, दादा? त्या दिवशी एक पोरगा पाठवला असतास. एक."

"पाइप वाफ ओकत होता गं. कोणाला पाठवायचं होतं?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच तर संताप होता. खोटं बोलला असता तर निदान चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी त्याच्यापुढे चहाचा कप आदळला.

मास्तरांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. आपला कप संपवला, पिशवी उचलली, हातोडी आत टाकली.

"आता कुठे निघालात? वर्ग संपला ना तुमचा?"

"डेअरीत नवा पाइप टाकलाय म्हणे. बघून येतो."

डेअरीत त्यांनी सांध्यावरची खपली ठोकून काढली, वाकून सगळीकडून पाहिलं. "तुझा हात घाई करतोय," ते सांधा मारणाऱ्या पोराला म्हणाले. "घासून काढ आणि परत मार."

पोरानं तोंडावरची काच खाली ओढली. मास्तर बाजूला सरकून उभे राहिले.