बानं शेकलेली गिटार

"शेकायचंय ना तुला? मग नीट शेक की."

एवढं बोलून रणजितनं माझ्या बापाचं मनगट धरलं आणि हात निखाऱ्यात दाबला. भर सकाळी, कॉलेजच्या फाटकाजवळ, पोरंपोरी येत-जात असताना. उजवा हात. हलगीवर टिपरू धरायचा हात.

बा ओरडला नाही. ते मला अजून झोपू देत नाही. कातडं जळत असताना तो म्हणाला, "चुकलं मालक."

काय चुकलं होतं ते सांगते.

रणजित आमच्याच गावचा, कन्नड तालुक्यातला. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची. आम्ही मांगवाड्यातले. त्यांच्या दारात लग्न असो की मयत, हलगी आमची. त्याच्या वडलांनी कॉलेजला तीन गिटारी भेट दिल्या आणि पोरगा गॅदरिंगचा सेक्रेटरी झाला. वाजवता त्याला एकही येत नव्हती.

मला येत होती. औरंगाबादला आल्यापासून छावणीत एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंकडं मी घरकाम करायची. कामं उरकली की त्या आपली जुनी गिटार माझ्या मांडीवर ठेवायच्या. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. संगीताच्या सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तिन्ही वाजवून बघ. तुला आवडेल ती गॅदरिंगला तू वाजवायची."

मला आवडेल ती! हे वाक्य घेऊन मी दोन दिवस हवेत होते. कारण आमच्याकडं निवड दुसरे करायचे. पाटलांच्या वाड्यापुढं लग्नाच्या आदल्या दिवशी पाच-सहा हलगीवाले उन्हात रांगेनं उभे करत. एकेकानं वाजवायचं. रणजितचा आजा खुर्चीत बसून काठी दाखवायचा, "हा ठेवा. बाकीचे हाकला." बैल बघतात तसं. काठी दरवेळी माझ्या बापाकडंच यायची. बाला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, मलाही होता.

त्या दिवशी हॉलमध्ये मांडववाल्यांची ठोकाठोक चालली होती, स्वर कळेना. म्हणून मी तिन्ही गिटारी बाहेर आणल्या. लिंबाखाली वॉचमन शब्बीरचाचांचं बाकडं होतं. थंडी मरणाची. चाचांनी घमेल्यात पालापाचोळा आणि लाकडं पेटवली होती. तेवढ्यात बा आला, पहिल्या एसटीनं, माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा घेऊन. शेकोटीपाशी उकिडवा बसला.

मी एकच धून तिन्हींवर वाजवली. काळी दिसायला नवरीसारखी, चकचकीत. पण जड, आणि आवाज पोटातल्या पोटात कोंडलेला. पिवळीच्या तारा इतक्या उंच की दाबताना बोटं कापायची, आणि बारीक तार चिरकायची. तिसरी तपकिरी, साधी. मान माझ्या मुठीत बरोबर बसली. जाड तार छेडली आणि नुसती ऐकत राहिले. काळीचा स्वर लगेच मेला. पिवळीचा थोडा टिकला. तपकिरीचा घुमत राहिला, माझ्या छातीला लागून घुमत राहिला. मला रडू यायला लागलं. माझी हीच, दुसरी नको.

"कोणती काढली?" बानं विचारलं.

"ही."

"शेकून बघितली का?"

"बा, ह्याला कातडं नाय. लाकूड हाय."

"लाकडाला बी थंडी वाजतीच की. थंडीत वाद्य झोपतं माय. शेकल्याबिगर त्याचा खरा आवाज कळायचा कसा?"

मी हसले. शब्बीरचाचा हसले. बानं जन्मभर हलगी अशीच जागी केली होती, जाळापासून हात-दीड हात लांब धरून, फिरवत फिरवत. मी कौतुकानं गिटार त्याच्या हातात दिली. त्यानं ती लेकरासारखी धरली. पाठ शेकोटीकडं केली, जरा फिरवली, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. म्हणाला, "गुणाची हाय."

गिटारीला काही झालं नव्हतं. पॉलिशवर डागसुद्धा नव्हता.

शब्बीरचाचा फाटक उघडायला गेले आणि मोटारसायकल आत आली. रणजित आणि मागं त्याचे दोन दोस्त. त्यानं आधी बाला बघितलं, मग बाच्या हातातली गिटार.

"लक्षिमन्या, हे काय धरलंस?"

माझा बाप त्याच्या बापाहून मोठा. तरी लक्षिमन्या. बा झटकन उभा राहिला. "काय नाय मालक. पोरीला दावत होतो. शेकून..."

"शेकून? आमच्या बापानं दिलेली वस्तू तू जाळावर धरली? म्हारामांगाचं हेच, काही हातात दिलं की शेकायचं."

त्यानं गिटार हिसकली, जमिनीवर आपटली आणि बुटानं पोटात लाथ घातली. लाकूड फुटलं. तारा थरथरत राहिल्या. "आता ही कोण वाजवणार? तुम्ही बाटवलेली?"

मग ते मनगट. मग निखारे.

मी बघत होते. किती वेळ, सांगता येत नाही. वास आला. स्वैपाकघरात कधी येऊ नये असा वास. बा म्हणत होता, "चुकलं मालक, चुकलं." माझा बाप माफी मागत होता आणि हात त्याचाच जळत होता. हे कुठलं गणित? हे कुणी शिकवलं त्याला? आणि मी अजून उभीच का?

बाकड्यावर दोन गिटारी उरल्या होत्या. मी काळी उचलली. वाजवायला बेकार, पण वजनाला भारी. मान दोन्ही मुठींत धरली आणि रणजितच्या खांद्यावर हाणली. तो कोलमडला, बाचा हात सुटला. दुसऱ्यांदा हाणली ती कानाखाली. रक्त आलं. मला बरं वाटलं. कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटू द्या, मला लई बरं वाटलं.

मग त्याच्या दोस्तांनी मला केसाला धरून पाडलं. पोटात लाथा घातल्या. एकजण माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर टाच देऊन उभा राहिला. फाटकात पन्नासेक पोरं जमली होती. एक पुढं आलं नाही. आले ते शब्बीरचाचा. त्यांनी पेटतं लाकूड उचललं आणि म्हणाले, "हटो. नहीं तो मुँह में घुसेड दूँगा."

ते हटले. चाचांनी घागर आणून बाच्या हातावर पाणी ओतलं. मला म्हणाले, "मैं देखा बेटी. जहाँ बोलेगी वहाँ बोलूँगा." नोकरी जाईल हे त्यांना माहीत होतं. गेलीही.

घाटीत, सरकारी दवाखान्यात, बाला भरती केलं. दोन बोटं आता सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरनं सांगितलं. माझ्या हाताला प्लास्टर.

संध्याकाळी सर आले. खुर्चीच्या टोकावर बसले. "हे बघ, तू पण मारलंयस. पोलिसात गेलीस तर दोन्हीकडून केस होईल. पाटीलसाहेब मोठ्या मनाचे आहेत. म्हणाले, पोरीला गिटारीच्या दुकानात घेऊन जा. आवडेल ती निवडू दे. अगदी भारीतली भारी. आणि विषय इथंच संपवा."

मी बाच्या तोंडाकडं बघितलं. तो पट्टीतल्या हाताकडं बघत होता. हळूच म्हणाला, "घे की माय. तुझी ती मोडली. माझं काय, आता वाजवून वाजवून कुठवर वाजवणार? गावात ऱ्हायचंय आपल्याला."

मी बापावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. सगळा वॉर्ड बघायला लागला. "तुझा हात देऊन मी गिटार घेऊ? त्यो हात काय बाजारात ठिवलाय? तू चुकला नाय बा! तू काहीच चुकला नाय! म्हण एकदा!"

तो म्हणाला नाही. रडला.

सरांना मी सांगितलं, "पाटलाला सांगा, पोरगी नाय म्हणाली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरला सांगून पोलीस ठाण्यात गेलो. बा, मी, शब्बीरचाचा. हवालदार म्हणाला, "त्यानं मांग म्हटलं, एवढ्यावरून अट्रॉसिटी लावता?" मी बाचा हात त्याच्या टेबलावर ठेवला. पट्टी सोडली. त्यानं तोंड फिरवलं. मी म्हणाले, "फिरवू नका. बघा आणि लिहा."

त्यानं लिहिलं. उलट केसही झाली, माझ्यावर, मारहाणीची. होऊ दे. मी मारलं होतं, कोर्टातही मारलं म्हणूनच सांगणार आहे. का मारलं तेही सांगणार आहे.

केस चालू आहे. निरोप येतच असतात. कधी मास्तर, कधी सरपंच, कधी आमच्याच वाड्यातला माणूस. प्रत्येक निरोपात एक गिटार असते. मला गिटार पाहिजे. रोज पाहिजे. त्या तपकिरीचा आवाज आठवला की बोटं आपोआप वळतात. पण त्यांच्या हातची मी चुलीत घालीन, वाजवणार नाही. आणि केस मागं घेणार नाही. साक्षीला माझा बाप उभा राहील, त्याच्या बाजूला मी. रणजितचं नाव पुकारलं जाईल. त्याला मालक न लावता.