रियाधमधल्या न संपणाऱ्या सात वाट्या

सकाळी दम्मामच्या रेल्वे स्टेशनवर माझी पिशवी तपासणीच्या यंत्रात गेली आणि पलीकडे बसलेला अधिकारी पडद्याकडे बघतच राहिला. पिशवीत अठरा दशम्या, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, सहा उकडलेली अंडी आणि लाडवांचा डबा होता. रियाधला जायला चार तास लागतात, आणि तेवढ्या वेळात दोन बायका उपाशी राहू नयेत म्हणून मी बेतानंच घेतलं होतं. त्यानं डबा उघडायला लावला. मी लगेच एक लाडू त्याच्यापुढे धरला. त्यानं छातीवर हात ठेवून नको म्हटलं, म्हणून मी दोन धरले.

"आत्या!" माझी भाची सानिका कळवळून म्हणाली. "ही इज ऑन ड्यूटी! चल ना, प्लीज."

"यल्ला, यल्ला" (चला, चला) म्हणत त्या भल्या माणसानं हसून आम्हाला पुढे काढलं.

सानिका माझ्या धाकट्या भावाची, प्रशांतची, मुलगी. तो दम्मामच्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. पोरगी तिथंच वाढली, नुकतीच दहावीची परीक्षा दिली. अकरावी भारतात करायची एवढं ठरलं होतं. कुठं, ते ठरलं नव्हतं. पुण्यातलं होस्टेल की मिरजेत माझं घर, हा निर्णय प्रशांतनं तिच्यावर सोडला होता, आणि मी तेवढ्यासाठीच गुडघे सांभाळत विमानात बसून आले होते. मिरजेत मी अठ्ठावीस वर्षं खाणावळ चालवली. चाळीस-चाळीस पोरं माझ्याकडे जेवून डॉक्टर, इंजिनिअर झाली. आता खाणावळ बंद आहे, हेही गेले, आणि एकटीनं पाटावर बसलं की मला रडू येतं. मला ती पोरगी घरात हवी होती.

पण पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, "आत्या, आय लव्ह यू, पण तू फार खायला घालतेस. मागच्या दिवाळीत मी नको म्हणाले तरी तू तीनदा वाढलंस. मला भीती वाटते तुझी."

भीती! माझ्या हातच्या जेवणाची! मी तिथल्या तिथं पैज लावल्यासारखं म्हटलं, "तू म्हणशील तिथं जाऊ, तू म्हणशील ते खाऊ. मी एक शब्द बोलणार नाही."

"कोरियन," ती म्हणाली. "रियाधला. माझ्याकडे तीन जागांची लिस्ट आहे."

गाडी सुटली आणि बाहेर वाळू सुरू झाली. हुफूफला खजुराची झाडं दिसली, मध्येच काही उंट दिसले, बाकी वाळूच. शेजारच्या बाकावर एक पोक्त सौदी बाई होत्या. मी त्यांना दशमी दिली, त्यांनी थर्मासातून मला गहवा (वेलदोड्याची पिवळसर कॉफी) दिली. कप अंगठ्याएवढा. संपवला की त्या पुन्हा भरायच्या. सहाव्या कपाला माझं डोकं गरगरायला लागलं, तेव्हा त्यांनीच हसून माझं मनगट धरलं आणि कप डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवला. तो हलवला की पुरे, असा इथला रिवाज. मला फार आवडला. परमुलखात एवढी खूण आली म्हणजे कुठं अडायला नको, असं मी मनाशी म्हटलं.

रियाधला उतरून टॅक्सी केली. ड्रायव्हर मुलतानचा होता. कुठं जायचंय ते ऐकून त्याचा चेहराच पडला.

"खाला, वो खाना आप से नहीं खाया जाएगा. बत्हा चलिए, ऐसी बिर्याणी खिलाऊँगा कि याद करेंगी."

"भैया, प्लीज लोकेशन पे चलिए," सानिका म्हणाली.

"चल रहा हूँ बेटा. रास्ता बत्हा से ले रहा हूँ, शायद खाला का इरादा बदल जाए."

माणूस आडवळणाचा होता, पण सच्चा. बत्हा म्हणजे आपल्याकडच्या लोकांचा बाजार; तिथल्या गर्दीत त्यानं गाडी अशी हळू केली की दोन्ही बाजूंच्या हॉटेलांतले वास आत शिरले. पराठे लाटले जात होते, कढया उसळत होत्या, एक मल्याळी गृहस्थ केळीच्या घडाशेजारी उभं राहून 'भजी, भजी' असं ओरडत होते. माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. सानिकानं तो उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

यादीतली पहिली जागा बंद निघाली. दुसरीला आम्ही मेट्रोनं गेलो. या मेट्रोला ड्रायव्हर नसतो हे मला डब्यात चढल्यावर कळलं, त्यामुळे तो प्रवास मी डोळे मिटून केला आणि त्याबद्दल काही लिहू शकत नाही. ती जागा एका मॉलमध्ये होती. तळलेल्या कोंबडीवर तिखट पाक, एवढंच कोरिया. सानिका दारातूनच म्हणाली, "हे फेक आहे." मला खरं तर ती कोंबडी चालली असती, पण मी एक शब्द बोलणार नव्हते.

तिसरी जागा मात्र अस्सल. एका शांत गल्लीत लाकडी दार, आत पडदे लावलेले कप्पे, आणि तिळाच्या तेलाचा असा वास की माझ्यातली खाणावळवाली लगेच ताठ बसली. वाढायला फिलिपिन्सची तिशीतली बाई होती, छातीवर 'जॉय' अशी पट्टी. आम्ही काही मागायच्या आत तिनं आमच्यापुढे सात वाट्या मांडल्या. यांना बांचान (जेवणाबरोबरची तोंडीलावणी) म्हणतात. किमची (आंबवलेला तिखट कोबी) होती, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेली कडधान्यं, बटाटा, मुळा, अजून काहीतरी हिरवं, आणि चक्क सुकट. पण सुकटीला साखर! मी ओठ घट्ट मिटले.

हातात लोखंडी काड्या दिल्या होत्या. त्यांच्याशी थोडा वेळ झटापट झाली, एक बटाटा शेजारच्या कप्प्यात गेला, मग मी सरळ पाच बोटांनी जेवायला लागले. आणि सांगते, चव होती. किमचीला फोडणी असती तर आमच्याकडच्या पोरांनी पातेलं चाटलं असतं. मी सातही वाट्या निपटून स्वच्छ केल्या. पानात टाकायचं नाही, हा नियम माझ्या खाणावळीच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेला होता.

जॉय आली. "ओह, मॅम लाइक!" म्हणाली आणि सातही वाट्या भरून गेली.

आता आलेलं टाकायचं कसं? मी पुन्हा संपवल्या. तिनं पुन्हा भरल्या. मधेच मुख्य जेवण आलं, बिबिंबाप (तापलेल्या दगडी भांड्यात भात, भाज्या, वर अंडं). ते एकटंच दोघींना पुरलं असतं. तिसऱ्या खेपेला माझ्या कपाळावर घाम आला.

"सानिका, सांग ना हिला."

"तूच म्हणालीस ना, एक शब्द बोलणार नाही?" पोरगी गालातल्या गालात हसत होती.

तेवढ्यात मला गाडीतली खूण आठवली. जॉय दिसताच मी किमचीची रिकामी वाटी उचलली आणि डावीकडे-उजवीकडे जोरजोरात हलवली. जॉय धावतच आली. "सॉरी मॅम, सॉरी!" आणि या वेळी तिनं मोठ्या वाटीत किमची आणली.

मी वाटीवर हात आडवा धरला. तिनं तो प्रेमानं बाजूला केला आणि वाढलं. मग मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. काय तो आनंद! समोरचं माणूस गुदमरतंय आणि ही धन्य होतेय. हा चेहरा माझाच होता. माझ्याकडे लातूरचा एक पोरगा जेवायचा, तो वाटीवर असाच हात धरायचा आणि मी त्याच्या बोटांच्या फटीतून आमटी ओतायचे. लाजतोय, असं वाटायचं मला. अठ्ठावीस वर्षं एकाही पोराचं 'नको' मी खरं मानलं नव्हतं. तिथं त्या कप्प्यात बसून मी सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

सानिकाला दया आली असावी. ती हळूच म्हणाली, "आत्या, प्रत्येक वाटीत थोडं ठेव. रिकामी दिसली नाही की ती भरणार नाही."

"टाकू?"

"टाक."

मी मुळ्याच्या तीन फोडी ठेवल्या. मग बाकीच्या वाट्यांतही घास-घास ठेवला. जॉय आली, तिनं वाट्यांकडे पाहिलं आणि नुसती हसून गेली. निघताना मी तिला लाडू दिला. तिनं एक घेतला. दुसरा मी पुढे केला नाही, डब्याचं झाकण लावलं. सानिका हे सगळं बघत होती.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "येशील का मिरजेला?"

"विचार करते."

पुढचे चार तास जिभेच्या टोकावर तोच प्रश्न उड्या मारत होता. तुझ्यासाठी खोली रंगवून घेते, पुण्यात काय ठेवलंय, एकदा येऊन तर बघ, अशी सगळी वाक्यं तयार होती. मी खिडकीबाहेरची वाळू बघत ती गिळली. दम्मामला अजून आठवडाभर होते, तरी पुन्हा विचारलं नाही. मी इतकी गप्प, म्हणून प्रशांतनं माझं ब्लडप्रेशर तपासलं. विमानतळावर सानिकानं मला मिठी मारली, पण मिरजेचं नाव काढलं नाही.

मिरजेला आल्यावर शेजारणींना रियाध, उंट, बिनड्रायव्हरची मेट्रो सगळं सांगून झालं. कोरियन जेवण रियाधमध्ये कुठं मिळतं तेही आता मी कुणालाही सांगू शकते. मात्र भाची येणार का, याला उत्तर नव्हतं. आयुष्यभर मला वाटत आलं, की आपण आग्रह सोडला म्हणजे माणूस सुटलं. त्या दिवसांत मी फार घाबरलेली होते.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला.

"आत्या, तू परत विचारलंच नाहीस."

"एकदा विचारलं होतं ना, बाळा."

"हो, पण तू तर तीनदा विचारतेस. मी नो म्हणायची प्रॅक्टिस केली होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग येते मी," ती म्हणाली. "जूनमध्ये."

अजून एप्रिलच चालू होता. तरी त्या संध्याकाळी मी दोघींचा भात लावला.