बॅटरीचं नाक

हिराजीशेठ गाडी अनवाणी चालवत. दार उघडलं की चपला काढून एकमेकींवर आपटत, सीटखाली सरकवत आणि मग उजवा तळवा पॅडलवर असा अलगद टेकवत, जणू खाली मूल झोपलंय. पहिल्या दिवशी मला वाटलं, गाडीत देव असेल. मीही सँडल काढायला वाकले. "तू कशाला काढते, बाय? तुला थोडीच चालवायची हाय?" पहिल्याच भेटीत अगंतुगं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अवघी सत्तावन्न वर्षांची, ऑफिसात कागदपत्रांच्या खात्याची प्रमुख, नाकावर माशी बसू न देणारी. तिथल्या तिथे ठरवलं, या माणसाशी आपलं जमायचं नाही. आणि नाहीच जमलं. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हाही आमचं एक भांडण अर्धवट राहिलेलं होतं.

सुकापूरला आम्ही एकाच इमारतीत राहायचो आणि द्रोणागिरीच्या एकाच गोदामात कामाला होतो. ते उन्हात उभं राहून कंटेनर लावून घ्यायचे, मी वर एसीत बसून त्यांच्या चुका काढायचे. इमारत उभी होती ती जमीन मूळची त्यांचीच, वरचे दोन मजले अजून त्यांचे, तरी माणूस रोज कामावर. माझा डावा गुडघा क्लच दाबायला नाही म्हणू लागला, मी गाडी मुलीला देऊन टाकली, आणि गोदामाच्या साहेबांनी परस्पर माझी सोय यांच्या पेट्रोल-बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिडमध्ये लावून दिली.

त्या गाडीत समोर एक आकडा दिसे, लिटरला किती किलोमीटर जातेय त्याचा. हिराजीशेठचा सगळा जीव त्या आकड्यात. सव्वीस असला की माणसासारखं बोलत. पंचवीस झाला की येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरवाल्यांचा उद्धार सुरू. लांबवर लाल सिग्नल दिसला की पाय उचलून घेत आणि गाडी घरंगळू देत, की आपण पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. मागचे लोक हॉर्न वाजवून दमत. मी म्हणायचे, यापेक्षा बैलगाडी बरी. त्यावर त्यांचं उत्तर तयार: "बैलाला बी तुझी घाई मानवली नसती."

त्यांचे वडील मिठागरात राबलेले. "भरतीचं पानी एकदा आत घेतलं की इंजान नाय न काय नाय. एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात निस्तं उतारानं जातं. उतार फुकट घालवला तो आगरी कसला?" हे प्रवचन आठवड्यातून तीनदा. त्याला जोडून दुसरं, की मिठाने बापाचे पाय असे निबर झाले होते, की निखारा पडला तरी त्याला समजायचं नाही. मला ती बढाई वाटे. कान देऊन ऐकलं असतं तर निराळं काही ऐकू आलं असतं. पण तेव्हा माझे कान फक्त उत्तर शोधण्यासाठी होते.

मी त्यांच्या बरोबर मागे बसायचे. तिथे सीटच्या कडेला एक जाळी होती. "ते बॅटरीचं नाक हाय. दाबू नको. तिला गारवा नाय भेटला की ती दमते, मग पेट्रोल जळतं." गारवा म्हणाल तर एसी सत्तावीसवर. मे महिना, मी चोवीस मागितला, तर म्हणाले, "पनवेलला उन्हाळा काय आज नवीन आलाय?" दुसऱ्या दिवसापासून माझी डब्याची पिशवी त्या जाळीवर, आणि पिशवीखाली चौघडी घातलेली शाल. मे महिन्यात शाल! उतरायच्या आधी सगळं उचलून घ्यायचे, अगदी सराईत चोरासारखी.

आकडा पडायला लागला. पंचवीस, चोवीस, तेवीस. मी खिडकीबाहेर बघत गालात हसायचे. एवढा आनंद मला नातवाच्या बारशालाही झाला नव्हता. हिराजीशेठ टायरची हवा तपासून आले. डिकीतली छत्रीसुद्धा काढून घरी ठेवली. मग त्यांनी ट्रेलरवाल्यांना शिव्या देणं बंद केलं. तिथेच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. आकडा एकवीसवर आला.

सोमवारी खाली गाडीपाशी कोणी नव्हतं. त्यांची मुलगी सुनंदा जिन्यात भेटली. म्हणाली, बाबांनी चावी मला दिली. साखरेमुळे त्यांच्या तळव्यांची जाणीव जात चाललीय, डॉक्टरांनी केव्हाच गाडी सोडा म्हणून सांगितलंय. पण बाबांनी अट घातली होती, आकडा बाविसाच्या वर आहे तोवर पायाला समजतंय. खाली गेला की चावी तुझी. "स्वतःहून आणून दिली हो काकू. मला भांडावंसुद्धा लागलं नाही."

दोन दिवस मी स्वतःला समजावलं, की बरंच झालं, म्हातारा निवांत घरी बसेल. तिसऱ्या दिवशी कामावर निघताना डब्याची पिशवी घेऊनच वर गेले. ते पाय स्टुलावर ठेवून त्या पायांकडेच बघत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं, शालीसकट. शिव्या खायच्या तयारीनेच गेले होते. ते सरळ उठले, सुनंदाच्या नको-नको म्हणण्याकडे न बघता खुंटीवरची चावी घेतली. "चल. मागं बस. पिशवी मांडीवर घे."

तोच रस्ता, तेच ऊन. आकडा वर आला तर त्यांचा पाय शाबूत आणि मी चोर. नाही आला तर मी सुटले. आणि गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा मी त्या आकड्यासाठी देव पाण्यात घातले. बावीस. तेवीस. चोवीस. हिराजीशेठ गुणगुणायला लागले. गव्हाण फाट्याचा पूल उतरताना ते नेहमी पाय उचलून गाडी सोडून द्यायचे. त्याच उतारावर इंजिन गुरगुरलं आणि गाडी पुढे झेपावली.

"कोन दाबतंय?" ते म्हणाले.

गाडीत आम्ही दोघंच होतो.

त्यांनी डाव्या पायाने ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. मग खाली पाहिलं. उजवं पाऊल अजून पॅडलवरच होतं. गुडघ्याला दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते उचललं, एखादी परकी वस्तू उचलावी तसं, आणि बाजूला ठेवलं.

"बघ," म्हणाले. "तुझ्या पिशवीत येवढा दम नाय."

मी डोळ्यांना पदर लावला, तर खेकसले, "रडते काय? पुढं ये. हिला क्लच नाय."

परत येताना मी सँडल काढून पुढे, ते मागे. लाल दिसतोय ना, मग दाबते कशाला. ब्रेकवर काय उभी राहते. तो ट्रेलरवाला तुझा मेव्हणा लागतो का. सुकापूरपर्यंत तोंड मिटलं नाही. मीही एकेक शब्द परत केला. तरी एकही उतार वाया घालवला नाही. इमारतीखाली गाडी लावली आणि मोठ्या ऐटीत आकडा बघितला. एकोणीस.

एवढा कमी कसा, म्हणून मागे वळले. हिराजीशेठ मख्ख चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत होते. जाळीवर माझी पिशवी होती, आणि ती घट्ट बसावी म्हणून वर त्यांच्या दोन्ही चपला.