अकरा कांबळे

अकरा कांबळ्यांपैकी दोघांवर मी लाल पेन फिरवलं. यादी बॉसकडे पाठवणार, एवढ्यात आठवलं, वगळण्याआधी फोन करायचा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे.

आमचा नोएडातला कोश आडनावांप्रमाणे लावलेला आहे. एकेका आडनावाखाली त्या आडनावाची नाव कमावलेली माणसं. आत शिरायला पाच प्रकाशित कामं लागतात. एस. आर. कांबळे आणि एस. डी. कांबळे, दोघे एकाच सरकारी खात्यात नकाशे काढणारे. दोघांच्या नावावर तीन-तीन नकाशे. म्हणून दोघांनाही नारळ.

एस. आर.चा पत्ता कुठेच नव्हता. एस. डी.चा नंबर मिळाला, तर फोनवर बाई. मी दोघांनाही पुरुष धरून चालले होते. सुशीलाबाई, वय ब्याऐंशी, दिल्लीत आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. कोशाचं नाव ऐकूनच त्या इतक्या खूश झाल्या, की पुढचं फोनवर सांगवेना. मेट्रो पकडून घरी गेले.

त्यांनी पोहे केले होते. मुलाने अख्ख्या ब्लॉकला सांगून टाकलं होतं, आईचं नाव पुस्तकात येणार. मी बशी खाली ठेवली. विषय टाळायला म्हणून विचारलं, तुमच्या खात्यातले एस. आर. कांबळे हल्ली कुठे असतात?

“मीच की ती,” त्या म्हणाल्या. “लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, रावजी. नंतर ह्यांचं, दौलत. माहेर कांबळे, सासर कांबळे. मधलं अक्षर तेवढं बदललं.”

मी स्वतः लग्नानंतर मधलं नाव बदललेली बाई. माझी मलाच लाज वाटली.

आमचे बॉस मेहराजी दिल्लीचे. त्यांना हे मधल्या नावाचं प्रकरण पटेना. “कागज़ दिखाइए, मॅडम.” सुशीलाबाईंनी सर्व्हिस बुक दिलं, म्हणजे सरकारी नोकराची जन्मकुंडलीच. त्यात नावबदलाची नोंद होती, खाली साहेबाची सही. मेहराजींनी दोनदा वाचली.

“तीन और तीन छह,” ते म्हणाले. “रखिए.”

नोंद कुठल्या नावाने छापायची, हे मी सुशीलाबाईंनाच विचारलं. दोन्ही अक्षरं लाव, म्हणाल्या, अर्धे नकाशे बाबांच्या नावाने काढलेत.

कोशात आता दहा कांबळे आहेत. आणि माझ्या नियमात एक ओळ वाढली आहे: मराठी बाईला यादीतून काढण्याआधी तिचं लग्न कधी झालं ते विचारावं.