चिक्कीच्या दुकानाची बोटभर पाटी

मळवलीच्या घरात माळ्यावर मी छोट्या मॉडेल रेल्वेसाठी लोणावळा उभारलं. रूळ, डबे, स्टेशन झकास जमलं. बाजारातल्या दुकानांच्या पाट्या मात्र मेल्या लग्नपत्रिकेसारख्या कोऱ्या करकरीत दिसायच्या. कॉम्प्युटरवर छापलेल्या त्या सगळ्या पाट्या मी वैतागून फाडल्या. मग पत्र्याच्या तुकड्यावर चिक्कीच्या दुकानाची पाटी हाताने रंगवली. वर ठसठशीत नाव, खिळ्यांखाली गंजाचे ओघळ, कडेला हिरवट शेवाळ आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'आमची कोठेही शाखा नाही.'

माझ्या या उद्योगाला पोरखेळ म्हणणारा थोरला भाऊ टाकव्याहून आला. चष्मा सावरत, वाकून त्याने पाटी वाचली आणि तो भडकलाच.

"लबाड हाय ह्यो! म्हनं शाखा न्हाई! फाट्याला ह्येचंच दुसरं दुकान हाय. पावसाळ्यात तितनंच चिक्की आनलती, समदी सादळलेली!"

दुकानाचं ते नाव मी आदल्या दिवशी आंघोळ करताना मनानेच ठरवलं होतं.

"दादा," मी हसू दाबत म्हटलं, "पुन्हा त्याच्या दुकानात पाऊल ठेवू नको."