हातानं चालवायची फियाट

केरबाच्या हाताखालून गाड्या फार गेल्या, पण आधी कागदावर आली आणि मग रस्त्यावर धावली अशी एकच. ती बन्सीची.

औरंगाबादेत मोंढा नाक्याजवळ केरबाचं गॅरेज होतं. बाप मेंढरं वळायचा. केरबानं काठी सोडून पाना धरला होता. चिकलठाण्याला, वाळूजला कारखाने उभे राहत होते, गाड्या वाढत होत्या, हाताला उसंत नव्हती. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी हातानं पायडल मारायची तीनचाकी दारात येऊन थांबली. तीत बन्सी होता, मांडीवर कागदाची गुंडाळी.

"जुनी फियाट घेतलीय, केरबाभाऊ. चौसष्टचं मॉडेल. तिच्यात थोडा बदल करायचाय."

"चालवणार कोण?"

"मी."

केरबाची नजर त्याच्या पायांवर गेली आणि तिथून चटकन निघाली. कमरेखाली बन्सी लुळा होता. ते कसं झालं हे पुढं त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं, सांगितलं. बन्सी चिकलठाण्याला टर्नर. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगाव डोकी भडकली. बन्सीच्या गावात बौद्धवाडा पेटवला. तो सुट्टीवर घरी होता. म्हाताऱ्या आईला, सारजाबाईला, त्यानं बाहेर काढलं, शेजारणीला काढायला आत वळला आणि छपराचं जळतं आडं पाठीवर कोसळलं. शेजारीण वाचली. कारखान्यानं त्याला परत घेतलं ते ड्रॉइंगच्या टेबलावर. आठ वर्षं तो तीनचाकी ओढत कामावर जात होता. दंड पैलवानासारखे झाले होते.

त्यानं कागद पसरला. पेन्सिलीच्या रेघा केसासारख्या बारीक, एकेका बोल्टाचं माप लिहिलेलं. केरबानं आजवर कितीतरी फियाट खोलल्या होत्या, पण तिचं पोट असं उघडं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात पुसल्याबिगर त्याला कागदाला शिवावंसं वाटेना.

"हा दांडा पुढं ढकलला की ब्रेक, जवळ ओढला की पेट्रोल. गियर तर हिचा स्टेअरिंगपाशीच हाये."

"आन् क्लच? क्लच लई जड, बन्सीभाऊ. हाताला आवरायचा नाय."

"हात कशाला? इंजिनच दाबंल की."

केरबाला वाटलं, चेष्टा करतोय. बन्सी हसत नव्हता. "इंजिन हवा ओढतं का नाय? त्या ओढीवर पायडल बांधायचं. भंगारातल्या मिनीबसचा ब्रेकचा डबा घ्या, रबरी पडद्याचा. नळीनं इंजिनाला जोडा. गियरच्या दांड्यावर बटण. बटण दाबलं की डबा पडदा ओढणार, पडदा क्लच ओढणार."

"चढाला? इंजिन रेटत असलं की ओढ राहत नाय."

"पण गियर टाकताना पेट्रोल सोडतोच ना आपण? सोडलं की ओढ येती."

केरबानं कागद पुन्हा जवळ ओढला. ही गोष्ट तो रोज करत होता आणि तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

दोन महिने काम चाललं. डबा बसला त्या दिवशी बन्सीनं इंजिन चालू करून बटण दाबलं. रिकाम्या जागेत क्लचचं पायडल आपोआप खाली गेलं, जसं कुणी न दिसणारं माणूस तिथं पाय ठेवून बसलंय. केरबानं पुन्हा दाबायला लावलं. मग आणखी एकदा.

पुंडलिकनगरात तेव्हा प्लॉट नुसते आखलेले होते. तिथं गाडी काढली. बटण सोडताच तिनं अशी उडी घेतली की थेट विटांच्या ढिगात घुसली. केरबा धावत गेला. बन्सी कपाळावरचं रक्त पुसत म्हणाला, "डब्यात हवा एकदम शिरतीय. भोक सुईएवढं करू, वर स्क्रू बसवू. मग पायडल हळूहळू वर येईल."

तो स्क्रू बसवताना केरबा गाडीखाली होता. तिथूनच तो बोलला. तोंडाकडं बघत त्याला बोलता आलं नसतं. "मी तुमच्या शेजारच्या गावचा. वाडा पेटला त्या दिवशी बापाच्या मेंढरांपाशी होतो. माळावरून दिसत होतं. आलो नाय."



"धूर दिसला का?" बन्सीनं वरून विचारलं.

"दिसला."

"मला वाटायचं, कुणाला दिसलाच नाय." मग तो म्हणाला, "आवळा. अर्धा फेरा बास."

परवान्याच्या परीक्षेला इन्स्पेक्टर शेजारी बसले. उतरल्यावर त्यांनी वाकून पायडलं पाहिली, मग बन्सीकडं पाहिलं, आणि सहीला पेन काढलं.

पहिल्या रविवारी बन्सीनं वेरूळचा रस्ता धरला. दौलताबादच्या अरुंद दरवाजातून, जिथं चांगल्या ड्रायव्हरला घाम फुटतो, तो भिंतीला न घासता निघाला. घाट आला. पेट्रोल सोडलं, बटण दाबलं, गियर पडला, गाडीनं पुन्हा दम धरला. मागं सारजाबाई लीलाबाईचा हात घट्ट धरून बसली होती. केरबा पुढं होता आणि वळणं मोजायची सोडून बन्सीच्या दोन हातांकडंच बघत राहिला. खुलताबादेत चहावाला खिडकीशी आला, आत वाकला, हाताचा दांडा आणि बन्सीचे पाय पाहिले आणि कप हातातच धरून उभा राहिला.

वेरूळला गाडी कैलास लेण्यासमोर उभी केली. गाडीतून जेवढं दिसलं तेवढं बन्सीनं पाहिलं. "वरून खाली कोरलंय. चूक खोडायला जागा नाय," तो पुटपुटला. केरबाला मात्र त्या दिवशी डोंगराकडं बघायचं सुचलंच नाही.

बन्सीनं ती गाडी पुढं आठ वर्षं चालवली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा गर्दी ओसरल्यावर त्यानं म्हातारीला नाव लिहिलेल्या कमानीपाशी नेलं. केरबालाही बोलावलं होतं. सारजाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं केरबालाच म्हटलं, "वाच बाबा." केरबानं टोपी काढली आणि अक्षर अक्षर लावून, मोठ्यानं, सगळं नाव वाचलं.